निराश्रितांचे माहेर : पंडिता रमाबाई

मराठी मुलुखात माहेर ह्या शब्दाला मोठा अर्थ आहे. सासरी कष्ट पडले, आजार आला किंवा मन उदास झाले, की लेकीला माहेरची वाट आठवते. जात्यावर बसलेल्या आमच्या आज्यापणज्यांनी माहेराची जेवढी आठवण काढली, तेवढी दुसऱ्या कशाची क्वचितच काढली असेल. परंतु एकोणिसाव्या शतकात असंख्य स्त्रियांना ही वाटही बंद होती. सासरी मारहाण होत असली, उपासमार होत असली, तरी दिल्या घरी सुखी राहावे, अशीच समजूत घालून लेकीला परत पाठवीत. बालपणी विधवा झालेल्या मुलीला तर सासर परके आणि माहेरही परके. अशा स्त्रीने रात्री घराचा उंबरठा ओलांडला, तर तिने जायचे कोठे? गावची विहीर, तीर्थक्षेत्रातील भीक किंवा दुष्टांचा विळखा, ह्यांखेरीज चौथा मार्ग तिला फारसा दिसत नसे. हा चौथा मार्ग निर्माण करण्यासाठी ज्या थोर स्त्रीने आपले आयुष्य वेचले, ती पंडिता रमाबाई होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. त्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणे हे पाप मानले जाई. अनंतशास्त्र्यांना हे मान्य नव्हते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, घरी संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. गावकऱ्यांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ते पत्नीसह अरण्यात जाऊन राहिले. तेथे झोपडी बांधून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम चालविला. ज्या घरात बाईला शिकता येत नाही, ते घर सोडून नवे घर उभारावे, हा धडा रमाबाईंना असा जन्मापासूनच मिळाला.

पुढे आश्रमाचा खर्च झेपेना व कर्ज वाढले, म्हणून डोंगरे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमाबाई तेव्हा अगदी लहान होत्या. पुराणे वाचावीत, श्रोत्यांनी दिलेल्या दानावर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राकडे चालू लागावे, असा त्यांचा क्रम होता. वाटेवर, झाडाखाली, धर्मशाळेच्या ओसरीवर आईने मुलीला संस्कृत शिकविले. भागवताचे सहस्रावधी श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले. परंतु विद्येने पोट भरले नाही. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. अंगावरचे दागिने गेले, भांडी गेली आणि शेवटी पाला खाऊन राहण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. उरली ती रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोन भावंडे.

ही भावंडे हजारो मैल पायी हिंडली. थंडीच्या रात्री कधी वाळूत खड्डा करून त्यात त्यांनी ऊब शोधली. छप्पर नसणे म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून कळले नव्हते. त्यांनी ते अंगावर सोसले होते. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या ह्या मराठी मुलीचे संस्कृत ऐकून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. काल झाडाखाली उपाशी निजणाऱ्या मुलीचे नाव आता हिंदुस्थानभर झाले. १८८० साली बंधूंचा अंत झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. म्हणून उभयतांच्या समाजांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. कन्या मनोरमा दहा महिन्यांची होते न होते तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबाबू पटकीने वारले. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या.

त्या आता अशा स्थितीत होत्या, की ज्या स्थितीत त्या काळची दुसरी कोणतीही स्त्री काळोख्या खोलीत मान खाली घालून बसली असती. रमाबाई मुलीला कडेवर घेऊन पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. स्त्रियांनी एकत्र यावे, वाचावे, आपल्या दुःखाविषयी मोकळेपणाने बोलावे, हा ह्या समाजाचा हेतू होता. त्याच वर्षी स्त्रियांना उपदेश करणारा स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ त्यांनी लिहिला. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. शाळांसाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे, अशी मागणी त्यांनी निर्भयपणे केली.

व्याख्याने झाली, साक्ष झाली, ग्रंथ झाला. परंतु सभा संपल्यावर दुःखी बाई पुन्हा त्याच घरात परत जाते, ही गोष्ट रमाबाईंच्या ध्यानात आली होती. पुण्यात ह्या दिशेने एक पाऊल पूर्वीच पडले होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे आणि आपला व बाळाचा जीव वाचवावा, अशी ती व्यवस्था होती. अशा कार्याला मोठे आणि कायमचे रूप द्यायचे, तर ज्ञान हवे, पैसा हवा आणि अनुभव हवा. तो मिळविण्यासाठी रमाबाई १८८३ साली छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. ह्या निर्णयामुळे मायदेशातील त्यांचे अनेक स्नेही दुखावले. परंतु रमाबाईंच्या मनावर ज्याचा ठसा कायमचा उमटला, ते दृश्य लंडनजवळील फुलहॅम येथील होते. तेथे ह्या भगिनी वाट चुकलेल्या व टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. ज्या बायकांना समाजाने दाराबाहेर लोटले, त्यांना त्या जेवू घालीत, काम शिकवीत आणि त्यांच्याशी आदराने वागत. पतित म्हणून जिला सारे जग दूर ठेवते, तिलाही पुन्हा उभे राहता येते, हे रमाबाईंनी प्रथम येथे पाहिले. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले व स्वतः इंग्रजी, गणित आणि शास्त्रे ह्यांचा अभ्यास केला.

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी घेणार होत्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथेच जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालोद्यान-शिक्षणाची फ्रोबेलची पद्धती त्या शिकल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे रखमाबाईंनी नाकारले होते. आणि नांदावयास जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम न्यायालयाने त्यांना दिला होता. ह्या खटल्याचा उल्लेख रमाबाईंनी आपल्या ग्रंथात केला. जिला घर नको आहे, तिच्यापुढे कायदा तुरुंग उभा करतो; मग तिच्यासाठी तिसरे दार कोणी उघडावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता.

त्याचे उत्तर त्यांनी स्वतः शोधले. अमेरिकेत गावोगाव त्यांची व्याख्याने झाली. ती ऐकून शिक्षिका, गृहिणी आणि विद्यार्थिनी आपापल्या गावी मंडळे स्थापू लागल्या. मंडळाच्या सभासदाने दरवर्षी एक डॉलर द्यावा आणि हा क्रम दहा वर्षे चालवावा, असा संकल्प होता. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे ह्या सर्वांची मिळून रमाबाई असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, पुढेही पाहणार नव्हत्या, अशा सामान्य बायकांनी आपल्या घरखर्चातून वाचविलेल्या पैशातून महाराष्ट्रातील निराधार मुलींचे छप्पर उभे राहिले. एका धनिकाच्या मोठ्या देणगीपेक्षा अनेकांची लहान पण नियमित देणगी संस्थेला अधिक काळ जगविते, हे रमाबाईंनी ओळखले होते.

१८८९ च्या आरंभी रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक विधवा होती. बालपणीच तिला वैधव्य आले होते. शारदा सदनात ती लिहावयास शिकली, मोकळेपणाने वावरू लागली. पुढे १८९३ साली प्राध्यापक धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. तीच आनंदीबाई तथा बाया कर्वे होय.

शारदा सदन हे शाळा आणि घर अशा दुहेरी स्वरूपाचे होते. मुलींनी आपापले आचार पाळावेत, आपल्या पद्धतीने स्वयंपाक करावा, अशी सोय तेथे होती. त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, असे ठरले होते. येथे मुलींना पुस्तके मिळाली, बाग मिळाली, खेळ मिळाले. ज्या मुलीला कोणी हसताना पाहिले नव्हते, ती येथे फुलझाडांना पाणी घालू लागली. वरवर पाहता ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु धाकात वाढलेल्या जिवाला भीती सोडून देण्यास शिकविणे, हे अक्षरओळखीपेक्षाही अवघड काम असते. रमाबाई स्वतः मुलींबरोबर राहत, त्यांच्याबरोबर जेवत आणि त्यांचे दार मुलींसाठी सदैव उघडे असे.

मुंबईत खर्च फार येई, म्हणून १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास हलविण्यात आले. मुंबईहून पुण्यास जाणारा लोहमार्ग आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जतवरून बोरघाट चढतो. १८६३ साली हा घाटातील मार्ग खुला होण्यापूर्वी प्रवाशांना खालापूर तालुक्यातील खोपोली येथे उतरून डोलीत बसून किंवा पायी घाट चढावा लागे. आगगाडी आली, तरी डोंगराचा चढ कमी झाला नाही. घाटात एके ठिकाणी गाडी थांबे, तिचे तोंड फिरे आणि ती उलट दिशेने निघे. नवख्या प्रवाशाला वाटे, की आपण मागे चाललो. प्रत्यक्षात गाडी वरच चढत असे. रमाबाईंच्या कार्याच्या वाटेवरही असेच एक वळण लवकरच येणार होते.

पुण्यात सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्यासारखे थोर गृहस्थ होते. मुलींची संख्या वाढली. परंतु रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे व काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकू लागला, अशी वार्ता बाहेर पसरली. शहरात वादळ उठले. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. सदनासाठी झटणाऱ्या सल्लागारांची मोठी पंचाईत झाली. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून लोकांनी मुली पाठविल्या, त्या विश्वासाला धक्का पोहोचला, असे त्यांना वाटले. १८९३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले.

रमाबाईंचे म्हणणे निराळे होते. आपण कोणावर सक्ती केली नाही आणि कोणाला मनाईही करणार नाही. ज्या मुलीला प्रथमच स्वतःचे मन मिळाले आहे, तिच्या मनावर पुन्हा कुलूप घालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ह्या वादात दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. परंतु त्यात सर्वांत अधिक हानी झाली ती सदन सोडून जावे लागलेल्या मुलींची. वाद मोठ्यांचा होता. छप्पर गेले ते लहानांचे. निराश्रितांना आश्रय देणाऱ्याने धर्म आणि दया ह्यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न त्या वेळी महाराष्ट्रापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर पुढे वेगवेगळ्या थोर व्यक्तींनी आपापल्या परीने दिले.

रमाबाई खचल्या नाहीत. विधवांची दुःस्थिती डोळ्यांनी पाहावी, म्हणून त्या गरीब यात्रेकरू स्त्रीच्या वेषात वृंदावनास जाऊन आल्या. तीर्थक्षेत्री सोडून दिलेल्या तरुण विधवांचे जे हाल त्यांनी पाहिले, त्यामुळे त्यांचा निश्चय अधिकच दृढ झाला. बोस्टनच्या मंडळाने दिलेला दहा वर्षांचा शब्द पुरा होत आला होता. पुढे केवळ परदेशातील मदतीवर अवलंबून राहता येणार नव्हते. म्हणून त्यांनी पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे फळझाडे लावावीत, विहिरी खणाव्यात आणि त्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा त्यांचा विचार होता.

झाडे मोठी होण्यापूर्वीच माणसे आली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले बालपण आठवले. आईवडील व बहीण ह्यांना दुष्काळाने कसे नेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः दुष्काळी मुलुखात गेल्या. तेथील सरकारी छावण्यांत त्यांनी जे पाहिले, ते भुकेहूनही भयंकर होते. अनाथ मुलींना फसवून पळवून नेणारे दुष्ट लोक तेथे टपून बसले होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया बरोबर आणल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती. एवढ्या माणसांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. तेव्हा रमाबाईंनी सर्वांना केडगावच्या माळावर नेले. घर नव्हते, तंबू व झोपड्या उभारल्या. अशा रीतीने ज्या संस्थेला पुढे मुक्ती सदन हे नाव मिळाले, तिचा आरंभ उघड्या माळावर झाला. १८९८ साली तिची रीतसर स्थापना झाली.

मुक्ती सदन हे शारदा सदनाहून एका बाबतीत फार वेगळे होते. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुक्ती सदनाचे दार सर्व जातींच्या स्त्रियांसाठी उघडे होते. ह्या संस्थेचे स्वरूप आता उघडपणे ख्रिस्ती होते. दुष्काळात सापडलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, घरच्यांनी छळलेल्या, अत्याचाराला बळी पडलेल्या, आंधळ्या आणि म्हाताऱ्या अशा सर्वांना तेथे जागा होती. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन आणि अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन, अशी निरनिराळी घरे तेथे झाली. मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती. तिने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. बोटांच्या टोकांनी अक्षर ओळखणाऱ्या त्या मुली पुढे दुसऱ्या मुलींना शिकवू लागल्या.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्ती सदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा संसार केवळ दानावर चालणे शक्य नव्हते आणि तसा तो चालावा, अशी रमाबाईंची इच्छाही नव्हती. शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम, धुलाई, स्वयंपाक अशी नाना कामे तेथे चालत. छापखाना होता आणि त्यात अक्षरे जुळविण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंतची कामे बायकाच करीत. आश्रय म्हणजे आयते जेवण नव्हे. ज्या दिवशी बाई स्वतःच्या हातांनी मिळवू लागते, त्या दिवशी ती खरी सुरक्षित होते, हे तत्त्व रमाबाईंनी कधी दृष्टीआड होऊ दिले नाही.

हे सारे एकट्या रमाबाईंनी केले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. सुंदराबाई पवार ह्यांच्यासारख्या निष्ठावंत सहकारी त्यांना लाभल्या. परदेशांतूनही काही स्त्रिया येऊन तेथे राहिल्या. परंतु सर्वांत मोठी मदत झाली ती आश्रयास आलेल्या स्त्रियांचीच. काल जी रडत आली, ती आज नव्याने आलेलीच्या जखमा धुई. शारदा सदनात वाढलेल्या मुली मुक्ती सदनात शिक्षिका झाल्या. नव्या मुलींच्या एकेका लहान गटाची देखभाल एकेका थोरल्या बाईकडे असे. उपाशी, रोगट, भेदरलेल्या मुलींना न्हाऊ घालणे, त्यांचे केस विंचरणे, रात्री दचकून उठल्या तर त्यांना जवळ घेणे, ही कामे पगारी नोकरांकडून होण्यासारखी नव्हती. दुःख ज्याने सोसले, त्यालाच दुसऱ्याचे दुःख लवकर कळते.

१९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद हे पदक दिले. परंतु ह्या काळात त्यांचे मन दुसऱ्याच कामात गुंतले होते. सामान्य, थोडे शिकलेल्या स्त्रीलाही वाचता यावे, म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले होते. त्यासाठी त्या ह्या दोन्ही भाषा शिकल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागले, शरीर थकले. पण लेखन थांबले नाही. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा वारली. जी मुलगी कडेवर घेऊन त्यांनी पुणे, इंग्लंड व अमेरिका गाठली आणि जिच्या हाती कार्य सोपविण्याची त्यांना आशा होती, ती त्यांच्या आधी गेली. आईने हा आघातही शांतपणे सोसला व हातचे काम पुरे करीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे देहावसान झाले.

रमाबाईंनी उघडलेल्या दाराने इतरांनाही वाट दाखविली. शारदा सदनाच्या विद्यार्थिनीचे पती धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला व १९०० साली तो हिंगण्यास नेला. धर्माबद्दलचा वाद निर्माण होऊ नये आणि हिंदू समाजातील विधवांनाही निर्भयपणे आश्रय मिळावा, अशी त्यांची धडपड होती. त्या आश्रमासाठी बाया कर्वे दारोदार फिरून वर्गणी गोळा करीत. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. मार्ग निराळे होते, पण ज्या प्रश्नावरून रमाबाईंशी अनेकांचा मतभेद झाला, त्याच प्रश्नाची तड लावण्यासाठी ही सारी माणसे झटली. त्यांच्या मतभेदांतूनही निराश्रितांच्या पदरी एकाऐवजी अनेक घरे पडली.

आज काळ पालटला आहे. २००५ साली भारताच्या संसदेने घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. ज्या घरात स्त्री नांदते, त्या घरातून तिला बेकायदेशीरपणे बाहेर काढता येत नाही, असे हा कायदा सांगतो. घरात राहणे धोक्याचे असेल, तर तिने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागणी करताच मान्यताप्राप्त आश्रयगृहाच्या प्रमुखाने तिला आसरा दिला पाहिजे, असेही त्यात आहे. आणखी एक तरतूद ध्यानात ठेवण्यासारखी आहे. छळ होत असल्याचे ज्या कोणाला समजेल, मग तो शेजारी असो, शिक्षक असो वा वाटसरू असो, त्याला ती माहिती संरक्षण अधिकाऱ्यास देता येते. आणि ती सद्भावनेने दिली असेल, तर त्याबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. १८१ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करूनही स्त्रीला साहाय्य मागता येते.

तरीही केवळ कायद्याने घर उभे राहत नाही. कर्जत आणि खालापूर ह्या तालुक्यांत डोंगराच्या कुशीत अनेक वाड्या व पाडे वसलेले आहेत. तेथून अपरात्री निघालेल्या बाईला तालुक्याचे गाव लांब पडते. अंगावरच्या कपड्यांनिशी आणि लेकरू घेऊन निघालेली असली, तर आणखीच लांब पडते. त्या वाटेवर पहिले दार उघडते ते कायद्याचे नव्हे, शेजाऱ्याचे. रात्रीपुरता आसरा देणारी शेजारीण, तिच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाणारी अंगणवाडीची बाई, लेकरांना शाळेत सामावून घेणारे गुरुजी, बातमी गावभर न करता मदतीचा हात देणारे तरुण, ह्या सर्वांनी मिळून एका स्त्रीचे माहेर तयार होते. बोस्टनची एखादी गृहिणी वर्षाला एक डॉलर बाजूला ठेवी, तेव्हा तीही हेच काम करीत होती.

१९८९ साली, शारदा सदनाच्या स्थापनेला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, भारत सरकारच्या टपाल खात्याने रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन त्यांच्या मागे शंभर वर्षे उलटली तरी उभे आहे. अरण्यातील झोपडीत जन्मलेल्या, धर्मशाळांच्या ओसरीवर वाढलेल्या आणि वाळूत खड्डा करून रात्र काढलेल्या ह्या स्त्रीला बालपणी स्वतःचे असे घर फार थोडा काळ लाभले. म्हणूनच की काय, ज्यांना घर नाही, त्यांच्यासाठी घर बांधण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडले नाही. माहेर हे जन्माने मिळते, असे सारे जग मानीत होते. माणसांनी मनावर घेतले, तर ते उभारताही येते, हे पंडिता रमाबाईंनी आपल्या कृतीने दाखवून दिले.